उसुई घाटातील दातेरी रूळ

इंजिनाला जो चढ जाणवतो तो पायी चालणाऱ्या माणसाला पुष्कळदा जाणवतही नाही. पंधरा पावले पुढे टाकावयाची आणि तेवढ्यात एका पावलाइतके वर जावयाचे, एवढीच ज्या वाटेची अट असेल, ती वाट सात-आठ वर्षांचे मूलसुद्धा हसतखेळत चालून जाईल. परंतु गुळगुळीत लोखंडी रुळावरून गुळगुळीत लोखंडी चाक वर न्यावयाचे असले म्हणजे हाच चढ भिंतीसारखा आडवा येतो. आपल्याकडील भोर घाट हा रेल्वेच्या दृष्टीने अवघड घाटांत गणला जातो. तेथील सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांना १ फूट असा आहे. जपानमधील उसुई घाटात तो १५ ला १ होता, आणि त्या चढावरून १८९३ पासून १९९७ पर्यंत, म्हणजे १०४ वर्षे, आगगाड्या जात-येत होत्या.

आज त्या घाटात गाडी जात नाही. योकोकावा स्थानकापासून कुमानोताइरा नावाच्या एका जुन्या थांब्यापर्यंत, सुमारे सहा किलोमीटर लांबीची पाऊलवाट तेथे आहे. ती जुन्या लोहमार्गाच्याच अंगावरून, त्याच विटांच्या पुलांवरून आणि त्याच दहा बोगद्यांतून जाते. दोन तासांत माणूस सुमारे तीनशे मीटर उंची चढतो आणि श्वासही फारसा लागत नाही. दुतर्फा मेपल, ओक व चेस्टनटचे रान आहे. शरद ऋतूत ते तांबडेपिवळे होते तेव्हा तोकियोहून माणसांची रीघ लागते. यांपैकी बहुतेकजण पाने पाहावयास येतात, आणि त्यात गैर काही नाही. परंतु पायाखालची जमीन इतकी सोपी कोणी केली, ही हकीकत पानांपेक्षा कमी रंगीत नाही.

उसुई हा घाट गुन्मा व नागानो या दोन प्रांतांच्या सीमेवर आहे. त्याचे नाव जपानच्या अतिप्राचीन ग्रंथांतच येते. इसवी सन ७२० मध्ये सिद्ध झालेल्या ‘निहोन शोकी’ या इतिहासात यामातो ताकेरू नावाच्या राजपुत्राची कथा आहे. समुद्र शांत व्हावा म्हणून ज्या पत्नीने लाटांत उडी घेतली, तिच्या आठवणीने तो पूर्वेकडे वळून हळहळला, ती जागा या ग्रंथाने उसुईवर दाखविली आहे. पुढे एदो, म्हणजे आजचे तोकियो, आणि क्योतो यांना डोंगरांमधून जोडणारा नाकासेन्दो नावाचा राजमार्ग याच घाटाने जाऊ लागला. त्या मार्गावरील ६९ मुक्कामांपैकी सतरावा साकामोतो घाटाच्या पायथ्याशी, आणि अठरावा कारुइझावा माथ्यापलीकडे. योकोकावा येथे शोगुनांचे नाके होते. राजधानीकडे येणाऱ्या बंदुका आणि राजधानीतून बाहेर पडणाऱ्या स्त्रिया यांची तेथे विशेष झडती होई. स्त्रिया एवढ्यासाठी की, मांडलिक सरदारांची कुटुंबे एदोत ओलीस म्हणून ठेवलेली असत, आणि ती निसटू लागली की बंड जवळ आले असे समजावयाचे. १८६१ साली सम्राटाची भगिनी राजकन्या काझुनोमिया शोगुनाशी विवाह करण्यासाठी निघाली, तीही प्रचंड लवाजम्यानिशी हाच घाट उतरून आली.

मेजी राजवटीने रेल्वे आणली तेव्हा तोकियो-क्योतो हा मुख्य लोहमार्ग प्रथम याच डोंगरी वाटेने न्यावयाचे ठरले होते. किनाऱ्यालगतच्या मार्गावर परक्या आरमाराच्या तोफांचे भय आहे, असे लष्करी मंडळींचे म्हणणे होते. त्यानुसार १८८५ साली रूळ योकोकावापर्यंत येऊन पोहोचले. समोर डोंगर उभा राहिला आणि हिशेब बदलला. १८८६ साली मुख्य मार्गाचा मान किनाऱ्यावरील तोकाइदो मार्गाला देण्यात आला. तरीही जपान समुद्राच्या बाजूने, नाओएत्सु बंदराकडून येणारे रूळ १८८८ च्या अखेरीस कारुइझावाला येऊन भिडले होते. अशा रीतीने घाटाच्या खाली एक लोहमार्ग संपत होता, घाटावर दुसरा सुरू होत होता, आणि मध्ये अवघ्या ११ किलोमीटरांचे अंतर मोकळे राहिले होते. परंतु या ११ किलोमीटरांत साडेपाचशे मीटरांहून अधिक उंची चढावयाची होती.

ती फट काही वर्षे घोड्यांनी भरून काढली. रस्त्यावरच अरुंद रूळ टाकून घोड्यांनी ओढावयाची ट्राम १८८८ साली सुरू झाली. तिला घाट ओलांडावयास अडीच तास लागत. माणसे कशीबशी जात, पण मालाचे काय? नागानोचा प्रदेश रेशमाचा. त्या काळी परदेशी चलन मिळवून देणारी जपानची पहिली वस्तू म्हणजे कच्चे रेशीम, आणि ते योकोहामा बंदरात वेळेवर पोहोचले पाहिजे. घोड्यांच्या पाठीवर राष्ट्राचा व्यापार चालणार नव्हता.

वळसे घेऊन चढ सौम्य करावा तर मार्गाची लांबी आणि खर्च दोन्ही वाढत. भोर घाटात इंग्रज अभियंत्यांनी १८६३ साली ज्या युक्तीचा आश्रय केला होता, म्हणजे खंडाळ्याजवळ गाडी एका टोकाला नेऊन उलट दिशेने पुढे काढावयाची, तीही या अरुंद दरीत बसेना. अखेर जर्मनीतील हार्ट्झ पर्वताकडे लक्ष गेले. तेथे रोमान आब्ट या स्विस अभियंत्याच्या पद्धतीची रेल्वे १८८५ पासून चालू होती. नेहमीच्या दोन रुळांच्या मधोमध दातेरी पट्ट्या बसवावयाच्या, आणि इंजिनाच्या पोटाखाली दातेरी चाक लावून ते त्या दातांत अडकवीत, एकेक दात धरीत वर जावयाचे, अशी ती योजना. पूर्वीच्या दातेरी रेल्वेत एकच पट्टी असे. दात सुटला की धोका. आब्टने शेजारीशेजारी पट्ट्या बसविल्या आणि त्यांचे दात एकमेकांच्या पुढेमागे ठेवले. त्यामुळे एका पट्टीवरील दात सुटण्यापूर्वी दुसरीवरील दात पकडीत आलेला असतो. उसुईमध्ये अशा तीन पट्ट्या होत्या. हीच पद्धत पुढे १८९९ साली निलगिरीच्या रेल्वेत मेट्टुपाळयम ते कुन्नूर या टप्प्यावर वापरली गेली, तेथे पट्ट्या दोन आहेत आणि चढ सुमारे १२ ला १. उटीला त्या गाडीने गेलेल्या कोणाही प्रवाशाला उसुईच्या रुळांचे स्वरूप निराळे समजावून सांगावयास नको. फरक हा की, निलगिरीची गाडी एका थंड हवेच्या ठिकाणी जाऊन थांबते, तर उसुईच्या दातांवरून देशाच्या एका किनाऱ्याकडून दुसऱ्या किनाऱ्याकडे जाणारा हमरस्ता चालला होता.

१८९१ च्या वसंतात काम सुरू झाले आणि १८९२ संपता संपता ते पुरे झाले. २६ बोगदे, १८ पूल, आणि वेळ पावणेदोन वर्षे. एवढ्या काळात एवढे काम ही गोष्ट आजही चकित करते, परंतु नुसते चकित होऊन सोडून द्यावी अशी ती नाही. बोगद्यांची एकंदर लांबी चार किलोमीटरांहून अधिक होती. हे काम बहुतांशी माणसांच्या हातांनी झाले. त्यात पाचशेहून अधिक मजूर मरण पावले, असे सांगितले जाते. मार्गाची लांबी ११ किलोमीटर धरली, तर दर किलोमीटरला पंचेचाळीसहून अधिक माणसे पडतात. त्यांच्यासाठी त्याच काळात एक स्मारकशिळा उभारली गेली, ती आजही योकोकावाच्या बाजूस आहे. मोठेपणाने न मिरविता ती रस्त्याच्या कडेला उभी आहे, आणि पाऊलवाटेच्या ओढीने आलेले पुष्कळसे लोक तिच्याकडे न पाहताच पुढे जातात. आपल्या भोर घाटात पटकीने व तापाने किती मजूर दगावले, याचा तर कोणी नीट हिशेबही ठेवला नाही. त्या मानाने जपानने निदान दगड तरी उभा केला, असे म्हणावे लागते.

पुलांची रचना चार्ल्स पाउनॉल हा इंग्रज अभियंता आणि फुरुकावा सेइइची हा जपानी अभियंता या दोघांच्या नावावर आहे. लोखंड परदेशातून आणावे लागे, ते महाग. माती मात्र देशातच होती. म्हणून पूल विटांचे. सैतामा प्रांतातील फुकाया येथे शिबुसावा एइइची प्रभृती मंडळींनी १८८७ साली विटांचा आधुनिक कारखाना काढला होता. पुढे तोकियोच्या प्रसिद्ध मध्यवर्ती स्थानकाला ज्याने विटा पुरविल्या तोच हा कारखाना, आणि उसुईच्या विटांतही त्याचा वाटा होता. काम ऐन भरात असताना, २८ ऑक्टोबर १८९१ रोजी नोबी प्रदेशात भीषण भूकंप झाला. सात हजारांहून अधिक माणसे गेली, आणि विटांच्या नव्या पाश्चात्त्य इमारती धडाधड कोसळल्या. विटांवर विश्वास ठेवून डोंगरात पूल बांधणाऱ्यांच्या मनाची त्या दिवशी काय अवस्था झाली असेल, याची कल्पनाच केलेली बरी. पूल मात्र टिकले. त्यांपैकी तिसऱ्या क्रमांकाचा पूल चार कमानींचा, ९१ मीटर लांब, दरीच्या तळापासून ३१ मीटर उंच, आणि त्यात वीस लाखांच्या आसपास विटा आहेत. विटांच्या कमानींचा एवढा मोठा पूल जपानमध्ये दुसरा नाही. खालच्या रस्त्यावरून पाहिले म्हणजे कमानी चष्म्याच्या काचांसारख्या दिसतात, म्हणून लोकांनी त्याला ‘मेगानेबाशी’, म्हणजे चष्म्याचा पूल, असे सुटसुटीत नाव दिले.

१ एप्रिल १८९३ रोजी पहिली नियमित गाडी निघाली. इंजिने जर्मनीतील एस्लिंगेन येथील होती. वेग ताशी नऊ-दहा किलोमीटर, म्हणजे दमाच्या माणसाने बरोबरीने धावावे एवढाच. ११ किलोमीटरांना सव्वा तास लागे. तरीही घोड्यांच्या निम्मा वेळ झाला, आणि रेशमाची पोती न थांबता योकोहामाकडे जाऊ लागली.

आता या सव्वा तासात इंजिनावर उभ्या असलेल्या माणसांचे काय होत असे, ते पाहण्यासारखे आहे. सव्वीस बोगदे, तीव्र चढ, आणि पूर्ण जोर लावलेले वाफेचे इंजिन. चढणीचा बोगदा हा धुराड्यासारखाच असतो. खालच्या तोंडातून हवा आत ओढली जाते आणि वरच्या तोंडाने बाहेर पडते. गाडी इतकी संथ चाले की, हा वारा तिच्या मागून येऊन तिला मागे टाकी, आणि इंजिनाचा सगळा धूर गाडीवरून पुढे, गाडीबरोबरच चाले. चालक व कोळसेवाले श्वास कोंडून मूर्च्छित पडत, डब्यांतील प्रवासी गुदमरत. यावर जो उपाय शोधण्यात आला तो आज ऐकला तर गंमत वाटेल. बोगद्यांच्या खालच्या तोंडाशी एक माणूस नेमला आणि त्याच्या हाती एक मोठा कापडी पडदा दिला. गाडीचा शेवटचा डबा आत शिरला की त्याने तो पडदा चटकन ओढून बोगद्याचे तोंड बंद करावयाचे. मागून येणारा वारा तुटे, धूर गाडीच्या मागे रेंगाळे, आणि इंजिनाला थोडीशी स्वच्छ हवा मिळे. गाडी वरच्या तोंडाने बाहेर पडली की पडदा पुन्हा उघडावयाचा.

पडदा ओढणे हे काम सोपे दिसते. परंतु ते प्रत्येक गाडीला, दिवसा आणि रात्री, पावसात आणि बर्फात, बोगद्याच्या तोंडाशी रानात राहून करावयाचे होते. वेळ चुकली तर आतली माणसे गुदमरणार, हे ठाऊक असावयाचे. रेल्वेच्या इतिहासात इंजिने आखणारे नोंदले जातात आणि क्वचित चालकही नोंदले जातात. पडदा ओढणाऱ्याचे नाव कोण नोंदणार? आज पाऊलवाटेने बोगद्यात शिरणाऱ्याला आतल्या विटांवर काजळीचे काळे थर दिसतात. दिवसा तेथे दिवे असतात, त्यांच्या उजेडात ते स्पष्ट दिसतात. वाफेच्या काळाचे ते अवशेष आहेत.

१९१२ साली या घाटात वीज आली. जपानच्या मुख्य लोहमार्गांपैकी विजेवर चालणारा हा पहिला टप्पा. मुंबई-पुणे मार्गावर वीज १९२९ साली आली, हे लक्षात घेतले तर उसुईची घाई ध्यानात येते. धूर ही निकडच तशी होती. बोगदे इतके ठेंगणे की वर विजेची तार टांगावयास जागा नव्हती. म्हणून रुळांच्या बाजूला जमिनीलगत तिसरा रूळ घालून त्यातून वीज दिली गेली. योकोकावापासून थोडे वर मारुयामा येथे विजेचे उपकेंद्र बांधले. विटांच्या दोन लांबट इमारती शेजारीशेजारी, एकीत यंत्रे आणि दुसरीत विजेच्या बॅटऱ्या. चढावर जादा वीज लागली की बॅटऱ्यांनी यंत्रांना हात द्यावयाचा. पहिली विजेची इंजिने जर्मनीतून आली, पण १९१९ पासून ओमिया येथील सरकारी कारखान्यात दातेरी विजेची इंजिने जपानी कारागिरांनी बांधण्यास आरंभ केला. प्रवास सुमारे पाऊण तासावर आला, आणि पडदेवाल्यांचे काम संपले.

धूर गेल्यावर घाटावरच्या कारुइझावाचे दैव उघडले. कॅनडात जन्मलेले धर्मोपदेशक अलेक्झांडर शॉ यांनी १८८६ साली तेथे पहिला उन्हाळा काढला होता. राजमार्गाचे महत्त्व गेल्याने ओस पडू लागलेले ते गाव हळूहळू जपानचे महाबळेश्वर बनले. १९१६ च्या ऑगस्टमध्ये रवींद्रनाथ ठाकूर तेथे गेले होते. त्याच वर्षी तोकियोत त्यांनी आक्रमक राष्ट्रवादाविरुद्ध कठोर शब्दांत व्याख्याने दिली होती आणि ती पुष्कळांना रुचली नव्हती. कारुइझावाला जपानी महिला विद्यापीठाच्या विद्यार्थिनींपुढे ते बोलले. तोकियोकडून तेथे येणारा लोहमार्ग हाच, दातेरी रुळांचा. उसुईच्या माथ्यावर आज रवींद्रनाथांचा अर्धपुतळा आहे, आणि मानवजातीने युद्ध करू नये अशा आशयाची अक्षरे तेथे कोरली आहेत. उंच जागेवरून दूरवर डोंगरांच्या रांगा दिसतात, आणि ज्या घाटाने सैन्याचीही ने-आण केली, त्या घाटाच्या माथ्यावर ही अक्षरे आहेत.

दरम्यान कुमानोताइराची गोष्ट राहून जावयास नको. चढाच्या मध्यावर, बोगद्यांच्या मधोमध, सपाट म्हणता येईल अशी ही एवढीच जागा. वाफेच्या काळात इंजिने येथे पाणी घेत आणि समोरासमोरच्या गाड्या एकमेकींना वाट देत. १९०६ साली त्याचे रीतसर स्थानक झाले. वस्ती म्हणाल तर रेल्वेच्या नोकरांची आणि त्यांच्या कुटुंबांची, दुसरी नाही. शाळकरी मुलांच्या तोंडी असलेले ‘मोमिजी’ हे पानगळीचे जपानी गीत ताकानो तात्सुयुकी या कवीला याच स्थानकावरून दिसलेल्या रानावरून सुचले, असे सांगतात. त्याच रानाने ९ जून १९५० रोजी घात केला. पावसाने डोंगराचा कडा सुटला, रूळ गाडले गेले. ते मोकळे करण्यास माणसे जमली असताना पुन्हा कडा कोसळला आणि घरांसह सगळे काही गेले. पन्नास माणसे मरण पावली. रेल्वेचे कामगार होते, त्यांच्या बायका होत्या, मुले होती. आज तेथे माता आणि बालक यांची मूर्ती आहे. पाऊलवाट या मूर्तीपाशी येऊन संपते, ही योजना करणाऱ्यांनी जाणूनबुजून केली असो वा नसो, योग्य झाली आहे.

दातेरी रुळांचा शेवट १९६३ साली आला. देशात माणसांची व मालाची ने-आण कित्येक पटींनी वाढली होती, आणि दात मोजीत चालणाऱ्या गाडीला ती पेलत नव्हती. जुन्या मार्गाशेजारून नवा मार्ग काढला. चढ तोच, १५ ला १, पण दातांची पकड नाही. नुसत्या वजनाच्या आणि ब्रेकच्या जोरावर तो चढावयाचा. त्यासाठी १०८ टन वजनाची खास विजेची इंजिने बांधली. ती नेहमी दोन-दोनच्या जोडीने गाडीच्या उताराकडील बाजूस लावीत. वर जाताना मागून ढकलावयाचे, खाली येताना पुढे उभे राहून अडवावयाचे. लोक त्यांना हिमालयातील वाटाड्यांवरून घाटाचे ‘शेर्पा’ म्हणत. वर जावयास १७ मिनिटे लागत आणि खाली उतरावयास २४. हे उलटे वाटते, परंतु घाटात गाडी चढविण्यापेक्षा उतरविणे कठीण, हे कोणताही बैलगाडीवाला सांगू शकेल.

घाटाची इंजिने योकोकावाला लावावयाची आणि सोडावयाची असल्याने प्रत्येक गाडीला तेथे काही मिनिटे थांबणे भाग होते. या सक्तीच्या थांब्यातून एक व्यवसाय उभा राहिला. स्थानकावर जेवणाचे डबे विकणाऱ्या ओगिनोया या जुन्या दुकानाने प्रवाशांना विचारणा केली, आणि त्यांना गार डब्याऐवजी घरगुती, गरम जेवण हवे आहे असे उत्तर मिळाले. म्हणून १९५८ पासून दुकानाने माशिको गावच्या मातीच्या लहान हंड्यांत भात, कोंबडी, अळंबी, चेस्टनट असे शिजवून ते गरम विकण्यास सुरुवात केली. ‘तोगे नो कामामेशी’, घाटावरचा हंडीभात. प्रवासी तो खिडकीतून घेत, आणि गाडी सुटली की विक्रेते फलाटावर रांगेत उभे राहून जाणाऱ्या गाडीला कमरेत वाकून नमस्कार करीत. ज्यांनी कर्जतला मागचे इंजिन लागेपर्यंत खिडकीतून बटाटेवडा घेतला आहे, त्यांना या हंडीभाताची लज्जत न चाखताही कळेल. घाट माणसाला थांबावयास लावतो, आणि थांबलेल्या माणसाला भूक लागते.

१९९८ च्या फेब्रुवारीत नागानोला हिवाळी ऑलिंपिक सामने व्हावयाचे होते. त्यापूर्वी, १ ऑक्टोबर १९९७ रोजी, ताकासाकीहून नागानोला जाणारी अतिवेगवान शिंकान्सेन गाडी सुरू झाली. तिने उसुईचा प्रश्न लांब बोगदे खणून आणि चढ जवळजवळ निम्म्यावर आणून सोडविला. आदल्या दिवशी, ३० सप्टेंबरला, योकोकावा-कारुइझावा टप्पा बंद झाला. शेवटच्या गाड्या पाहावयास दोन्ही स्थानकांवर माणसे लोटली होती. बंद करण्यामागचा हिशेब चुकीचा होता असे म्हणता येत नाही. दोन गावांच्या दरम्यान जाणारे स्थानिक प्रवासी थोडे, आणि एवढ्यासाठी शेर्पा इंजिनांची फौज बाळगणे महाग. सरकारी रेल्वे १९८७ सालीच विभागून कंपन्यांच्या हाती गेली होती, आणि कंपनीने असा हिशेब मांडला तर तिला दोष कोण देणार? पण योकोकावा गावाच्या बाजूने पाहिले तर चित्र निराळे दिसते. ताकासाकीहून येणारे रूळ १८८५ साली जेथे येऊन थांबले होते, तेथेच ते पुन्हा थांबले. पुढे जावयाचे असल्यास बस. शंभर वर्षे ज्या गावाने प्रत्येक गाडीला हात देऊन डोंगर चढविला, त्याच्या वाट्याला शेवटचे स्थानक होणे आले.

पाऊलवाट कशी झाली, हेही थोडक्यात सांगितले पाहिजे. तिचे श्रेय काही अंशी दुर्लक्षाला द्यावे लागेल. १९६३ साली दातेरी मार्ग सोडून दिल्यावर त्याचा काही भाग नव्या दुहेरी मार्गासाठी वापरला गेला, आणि बाकीचे पूल व बोगदे रानाच्या हवाली झाले. ते पाडण्यातही कोणाचा फायदा नव्हता. तीस वर्षे त्यांवर वेली चढल्या. मग १९९३ साली, शेजारच्या नव्या मार्गावर गाड्या धावत असतानाच, जुन्या पुलांना सरकारने महत्त्वाची सांस्कृतिक संपत्ती म्हणून संरक्षण दिले, आणि पुढल्या वर्षी मारुयामाच्या उपकेंद्राचाही त्यात समावेश झाला. १९९९ साली योकोकावाच्या जुन्या इंजिनघराच्या जागी रेल्वेचे खुले संग्रहालय उभे राहिले. २००१ साली त्या वेळच्या मात्सुइदा नगराने चष्म्याच्या पुलापर्यंतची वाट खुली केली, आणि २०१२ साली ती कुमानोताइरापर्यंत वाढविली गेली. ‘आप्तो नो मिची’, म्हणजे आब्टची वाट, हे तिचे नाव. ज्या स्विस अभियंत्याच्या दातांची आता त्या वाटेवर खूणही उरलेली नाही, त्याचे नाव तिने जपले आहे.

वाटेवर चालणारा प्रथम मारुयामाच्या विटांच्या इमारतींजवळून जातो. मागे वळून पाहिले तर म्योगी डोंगराचे करवतीसारखे सुळके दिसतात. पुढे बोगदे सुरू होतात. उन्हाळ्यात त्यांच्या तोंडाशीच गार वाऱ्याची झुळूक अंगावर येते. पडदेवाला जो वारा अडवू पाहत असे, तोच हा. दुसऱ्या बोगद्याजवळ झाडांतून उसुई सरोवराचे हिरवे पाणी दिसते. पाचव्या बोगद्यातून बाहेर पडले की पाय एकदम चष्म्याच्या पुलावर असतात, आणि पुलावरून पूल दिसत नसल्यामुळे पुष्कळांना आपण कोठे उभे आहोत हे क्षणभर कळतच नाही. खाली जुना मोटाररस्ता वळत वळत गेलेला दिसतो. पायथ्यापासून माथ्यापर्यंत त्याला १८४ वळणे आहेत आणि प्रत्येक वळणावर क्रमांकाची पाटी आहे. गाडीरस्ता डोंगराला वळसे घालतो, लोहमार्ग मात्र डोंगर कोरून सरळ जातो, आणि पायी चालणाऱ्याला या दोहोंतील फरक येथे एका दृष्टिक्षेपात समजतो.

कुमानोताइराला पोहोचल्यावर १९६३ च्या मार्गाचे गंजलेले रूळ, वरचे खांब आणि पुढच्या बोगद्यांची बंद तोंडे दिसतात. त्यापुढे एकट्याने जावयास मनाई आहे. अलीकडे वाटाड्याबरोबर, आधी नाव नोंदवून, त्या रुळांवरून कारुइझावापर्यंत चालत जाण्याची सोय झाली आहे. इतर लोक मूर्तीपाशी थोडे थांबून आल्या वाटेने परत फिरतात. योकोकावाला हंडीभात आजही मिळतो आणि मातीची हंडी घरी नेता येते. स्थानकाजवळच्या गटारांवर लोखंडी जाळ्या बसविलेल्या आहेत, त्या नीट पाहिल्या तर त्यांना दात आहेत. दातेरी मार्ग उखडल्यावर त्याच पट्ट्या गावाने पावसाचे पाणी वाहून नेणाऱ्या नाल्यांवर घातल्या, आणि त्यांवरून माणसे अजून ये-जा करतात.